धागा: गोवा १९६१ – लष्करी इतिहासावर निबंध छापायचा, पण अस्सल कागद आणायचे कुठून?

तिलारी

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या एका अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते. डिसेंबर १९६१मधल्या गोव्याच्या लष्करी कारवाईवर, म्हणजे ऑपरेशन विजयवर, माझं काम चालू आहे. (गुगलवर शोधू नका, सगळं कारगिलच येतं. १९९९च्या मोहिमेलाही तेच नाव दिलंय.) विषय घरचाच आहे. ५० पॅरा ब्रिगेडचा एक स्तंभ (कूच करणारी तुकडी, कॉलम) दोडामार्गावरून अस्नोडा, थिवी करत पणजीसमोरच्या बेतीच्या काठाला पोचला. तो रस्ता माझ्या आजोळचा.

यावरचा निबंध एका परदेशी जर्नलला पाठवला होता. बरेच महिने वाट पाहायला लावून नकार आला, सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय. पहिल्यांचा आक्षेप असा: लेखाचा सगळा डोलारा पी. एन. खेरा यांनी लिहिलेल्या आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९७४ साली काढलेल्या अधिकृत इतिहासावर उभा आहे, त्यापलीकडे भारतीय बाजूचा एकही अस्सल कागद नाही. दुसऱ्यांना कागदांचं काही पडलेलं नाही, त्यांना लेखात 'सिद्धान्त' दिसत नाही. मोठ्या देशाने छोट्या वसाहतीवर बळ वापरलं, तर त्यातून धाक, दबाव, मुत्सद्देगिरी याबद्दल सर्वसाधारण काय निघतं ते सांगा म्हणतात.

पहिला आक्षेप कबूल. पण १७ इन्फन्ट्री डिव्हिजनच्या नाहीतर ५० पॅराच्या वॉर डायऱ्या मला दाखवणार कोण? मोहीम आखली पुण्याच्या सदर्न कमांडने. पुणे इथून एका रात्रीच्या एसटीवर आहे, पण कागदांच्या हिशेबाने मला लिस्बन जवळ पडतं.

विचारायचंय ते एवढंच की हा लेख आता कुठे पाठवावा, आणि त्याआधी त्याचं काय करावं. रोज मेल येतात, 'आदरणीय प्राध्यापक, तीन दिवसांत स्वीकृती, माफक शुल्क'. आमच्याकडे वरिष्ठांचं म्हणणं, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) आहे ना, मग टाका आणि मोकळ्या व्हा.

---

तळटीप

तिलारीताई, मी दिल्लीत अभ्यासग्रंथांच्या प्रकाशनात संपादन करतो, त्याआधी काही वर्षं जर्नलच्या खात्यात होतो. तुमच्या दोन परीक्षकांचं भांडण तुमच्याशी नाही, एकमेकांशी आहे. एक लष्करी इतिहासाच्या घरचा, दुसरा सुरक्षा अभ्यासाच्या. बाहेरून दोन्ही घरं एकच वाटतात, दोन्हीकडे तोफा आणि नकाशे. आतला स्वयंपाक मात्र वेगळा.

इतिहासाच्या जर्नलला (अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मिलिटरी हिस्टरीचं त्रैमासिक घ्या, किंवा 'वॉर इन हिस्टरी') विचारायचं असतं: काय घडलं, आणि तुला ते कशावरून कळलं? सुरक्षा अभ्यासाच्या जर्नलला ('इंटरनॅशनल सिक्युरिटी'च्या पंथातली सगळी) विचारायचं असतं: यावरून दुसरीकडे काय लागू होतं? तिथे गोवा हा फक्त दाखला. दहा पानं थिअरी, मग गोवा, क्युबा, फॉकलंड्स शेजारी शेजारी मांडायचे. तुम्ही एकाच लेखात दोघांना जेवायला बोलावलंत आणि दोघेही उपाशी उठले.

आता आतली गोष्ट. संपादक लेख उघडतो तेव्हा सारांश वाचतो आणि थेट तळटिपांवर उडी मारतो. पहिल्या चाळीस टिपांत तेच एक पुस्तक, मधे दोन-चार वर्तमानपत्रं आणि तीन सेनापतींची आत्मचरित्रं दिसली की त्याचा चेहरा पडतो. बऱ्याच लेखांना तिथूनच परत पाठवतात, परीक्षकापर्यंत जाऊ देत नाहीत. तुमचा दोघांकडे गेला म्हणजे संपादकाला त्यात काहीतरी दिसलं. अभिप्राय पुन्हा वाचा, राग गेल्यावर. फुकटात दोन जाणकारांनी वाचून दिलंय, परीक्षकांना याचा छदाम मिळत नाही.

पैशांचं. वर्गणीवर चालणाऱ्या चांगल्या जर्नलमध्ये लेखकाला एक रुपया भरावा लागत नाही. पैसे मागतात ते लेख पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत वाचायला खुला ठेवायचा असेल तर, आणि मोठ्या प्रकाशकांकडे तो आकडा हजारो डॉलरमध्ये जातो. तुम्हाला त्याची गरज नाही. स्वीकृत मसुदा ठरावीक मुदतीनंतर स्वतःच्या पानावर ठेवायची परवानगी बहुतेक जण देतात. तीन दिवसांत स्वीकृती देणाऱ्याने तुमचा लेख वाचलेला नसतो, आणि तिथे एकदा छापून आला की तोच मजकूर दुसरीकडे नेता येत नाही. म्हणजे पैसे गेले ते गेले, पाच वर्षांचं कामही त्या दगडाखाली.

---

कोथरूडची_माधवी

वाचनखूण साठवली. केअर यादीचं कुणीतरी लिहा ना. आमच्या विभागात अजून त्याच यादीच्या प्रिंट फिरतायत.

---

तळटीप

माधवीताई, थोडक्यात: बोगस जर्नलांचा सुळसुळाट झाला म्हणून यूजीसीने केअर यादी काढली, २०१९पासून. तिचा कक्ष आपल्या पुणे विद्यापीठातच होता. मग तक्रारी सुरू झाल्या, जर्नल आत घ्यायला उशीर, भारतीय भाषांतली चांगली नियतकालिकं बाहेर, वगैरे. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने यादी बंद केली आणि संस्थांना सांगितलं, हे निकष घ्या आणि तुमचं तुम्ही ठरवा. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती त्याआधीच, २०२२च्या नियमांत, गेली होती. आता 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणजे कॉलेजात कोण ठरवणार, हे तिलारीताईंनी वर लिहिलंच आहे.

---

निवृत्त_तोफची

तोफखान्यात होतो, आता पुण्यात असतो. वॉर डायरी म्हणजे अलिबाबाची गुहा असं विद्यापीठातल्या मंडळींना वाटतं, म्हणून लिहितोय.

वॉर डायरी ही डायरी नव्हे. तारीख, वेळ, ठिकाण, घटना, असे रकाने. भरतो ॲडज्युटंट (पलटणीच्या प्रमुखाचा सहायक अधिकारी) किंवा त्याने पकडलेला एखादा तरुण अधिकारी, तेही रात्री, दिवसभराची धावपळ संपल्यावर. '०६३० तास, अमुक नाला ओलांडला, विरोध नाही.' त्या नाल्यापाशी अर्धा तास काय गोंधळ उडाला, पूल पाडलेला होता म्हणून कोण कोणावर ओरडलं, ते तिथे नसतं. पण वेळ असते. आणि वेळ हीच मोठी गोष्ट आहे, कारण तीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत प्रत्येक जण सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो. गोव्यात पणजीला आधी कोण पोचलं यावर मी मेसमध्ये ऐकलेली भांडणं एका धाग्यात मावायची नाहीत.

तेव्हा मिळाली तर जरूर पाहा, पण तिच्या एकटीवर विसंबू नका. तिच्याबरोबर ऑपरेशन ऑर्डर, सिग्नलच्या नोंदी, नकाशाचा ओव्हरले (नकाशावर ठेवायचा खुणांचा पारदर्शक कागद) असं सगळं लावून बघितलं तरच चित्र उमटतं.

दुसरं. सेवेतला अधिकारी तुमच्याशी बोलणार नाही, त्याला दोष देऊ नका. आर्मी रूल २१ आहे. परवानगीशिवाय सेवेतल्या विषयावर छापता येत नाही, भाषण देता येत नाही. आणि १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट निवृत्तीनंतरही मानेवर असतोच. २०२१मध्ये पेन्शनचे नियमही बदलले, गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी. तो नियम फौजेला नाही, तरी वाचून फौजेतले पण दबकतात.

---

एक_शंका

माफ करा, पण हे सगळं उघड कशाला करायचं? शेजारी कोण आहेत ते माहीत आहे ना? उद्या कुणी प्राध्यापक निबंधासाठी सियाचेनची फाइल मागेल. शोधनिबंध छापला नाही तर देशाचं काही बिघडत नाही.

---

तिलारी

@एक_शंका, सियाचेन कुणी मागत नाहीये. मी १९६१ मागतेय. ज्या शत्रूशी ती लढाई झाली त्याची ती राजवटच १९७४मध्ये कोसळली, आणि त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरची भारताची मालकी मान्यसुद्धा केली. आता ते कागद लपवायचे कुणापासून?

आणि गुप्ततेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी १९६२च्या चीन युद्धावरच्या चौकशी अहवालाची गोष्ट एकदा सलग वाचावी. हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेम भगत यांनी तो १९६३मध्ये दिला. तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव. २ सप्टेंबर १९६३ला त्यांनी लोकसभेत निवेदन केलं. अहवाल छापता येणार नाही म्हणाले, पण प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकूम देण्याची रचना, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनानींची कुवत, या एकेका मुद्द्यावर काय आढळलं त्याचं सार सांगितलं. जखम ताजी असताना. पुढे २०१०मध्ये ए. के. अँटनी संसदेत म्हणतात, मजकूर अतिसंवेदनशील आहे, शिवाय आजही कारवाईच्या दृष्टीने मोलाचा. मार्च २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा अरुण जेटली विरोधात होते आणि जुने कागद अनंतकाळ दाबून ठेवू नयेत असं लिहीत होते. जुलै २०१४मध्ये तेच मंत्री म्हणून राज्यसभेत सांगतात, उघड करणं देशहिताचं नाही. पक्ष कुठलाही असो, खुर्चीवर बसलं की फाइल गुप्तच.

जगभर लोक तो मजकूर वाचतायत, त्यावर निबंध छापतायत. फक्त आपल्या सरकारच्या लेखी तो गुप्त. याने नेमकं कोणाचं रक्षण होतं?

---

निवृत्त_तोफची

अवांतर: भगत साहेब आमच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनियरांचे. व्हिक्टोरिया क्रॉस. अशा माणसाने लिहिलेलं दडपायचं आणि वर त्याच्या नावाने गौरव करायचा.

(मी तोफखान्याचा असून सॅपर्सना 'आमच्या' म्हटलं, हे शाळेतल्या मित्रांनी वाचू नये.)

---

गोदीकर

सरसकट फौजेला नावं ठेवू नका हो. नौदलाने हे काम बरंच बरं केलंय. व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी १९६५ ते २०००पर्यंतचा इतिहास तीन खंडांत लिहिला, आतली कागदपत्रं पाहून, मुलाखती घेऊन. त्यात कमतरता आहेत, आपल्याच घरच्या माणसाने लिहिलंय, पण निदान बाहेरच्याला टीप द्यायला काहीतरी आहे.

---

तळटीप

गोदीकर, बरोबर. अधिकृत इतिहासांचं पण सगळं काळंपांढरं नाही. दुसऱ्या महायुद्धावर बिशेश्वर प्रसाद यांच्या देखरेखीखाली भारत आणि पाकिस्तान दोघांच्या वतीने खंडांमागून खंड निघाले, फाळणी होऊनसुद्धा! हैदराबादचा १९७२मध्ये, गोव्याचा १९७४मध्ये आला. जिथे जिंकलो आणि वाद नव्हता तिथे छपाई झाली. १९६२, १९६५, १९७१ या तिन्हींचे इतिहास इतिहास विभागाने १९९२च्या सुमारास लिहून तयार केले आणि मग ते कपाटात. १९६२च्या लेखकांपैकी एक, कर्नल अनिल आठले, पुण्याचेच. १९६५चा रीतसर पुस्तकरूपात बाजारात यायला २०११ उजाडलं, १९७१चा २०१४. १९६२चा तर बाजारात न येताच इंटरनेटवर फुटला. आता जर्नलमध्ये टीप कशी देतात? 'अप्रकाशित, मर्यादित, इंटरनेटवरील प्रत.' संपादक म्हणून सांगतो, अशी टीप बघितली की पोटात गोळा येतो.

जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण जाहीर केलं. युद्ध संपल्यावर दोन वर्षांच्या आत समिती, पुढच्या तीन वर्षांत इतिहास तयार, आणि कागद सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुले. समितीत तिन्ही दलं, परराष्ट्र, गृह, गरज पडली तर नामवंत लष्करी इतिहासकार. कागदावर उत्तम. पण डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच एका जाहीर कार्यक्रमात सांगितलं की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांचे दप्तर आमच्याकडे आलेलंच नाही. १९९३चा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट असताना ही गत.

---

फोंडेकर

तिलारीताई, लिस्बनबद्दल तुम्ही गमतीत लिहिलंत, पण ते खरंच आहे. आमच्या फोंड्याकडे २ पॅरा (मराठा) आली, उसगावच्या बाजूने. वडिलांकडून ऐकत आलोय. मी काही वर्षं लिस्बनला नोकरीला होतो आणि पोर्तुगीज भाषा घरातली, म्हणून सुट्टीच्या दिवशी तोरे दो तोंबोमध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, जाऊन बसायचो. तिथे तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याचं स्वतःचं दप्तर आहे. लष्कराचं वेगळं अभिलेखागार आहे, आर्किव्हो इस्तोरिको मिलितार. ओळखपत्र दाखवा, फॉर्म भरा, पेटी टेबलावर. कुणी विचारत नाही की तुम्ही भारतीय असून हे का बघताय.

पण एक इशारा देतो, कारण मी स्वतः तिथे गुंगून गेलेला माणूस आहे. ते कागद उघडे आहेत म्हणून खरे आहेत असं नाही. सालाझारने गव्हर्नर वासालु इ सिल्वाला कळवलं होतं की शरणागती नाही, एकतर जिंका नाहीतर मरा. त्याने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. ३,००० हून जास्त पोर्तुगीज सैनिक कैदेत गेले आणि मे १९६२मध्ये परत गेले. घरी हारतुरे नव्हते, चौकशी होती. गव्हर्नरला १९६३मध्ये सैन्यातून काढून टाकलं, क्रांतीनंतर १९७४मध्ये सन्मान परत मिळाला. आता विचार करा, त्या चौकशीपुढे जबाब देणारा कॅप्टन काय लिहील? भारतीय फौज त्याच्या जबाबात दुपटीने वाढते, त्याची दारूगोळ्याची पेटी नेहमीच ओली असते आणि वायरलेस नेमका त्याच सकाळी बिघडतो. मी अशा जबाबांचे गठ्ठे वाचलेत. एकेकट्या जबाबावर विश्वास ठेवला तर गोव्यात पन्नास हजार रणगाडे आले होते असं वाटेल.

म्हणून दुसऱ्या बाजूचा कागद हवाच. नाहीतर होतं काय, ज्याने दप्तर उघडलं त्याचीच बाजू इंग्रजी जर्नलांमधून इतिहास म्हणून स्थिरावते. आपण हरकत घ्यायला जातो तेव्हा हातात काय असतं? 'आमचे आजोबा सांगायचे.'

---

मोडीवाला

फोंडेकरांनी मर्मावर बोट ठेवलंय. आम्हा मोडी वाचणाऱ्यांना हा सगळा प्रकार ओळखीचा आहे. पानिपतचंच घ्या. कितीतरी वर्षं लोकांना पानिपत माहीत होतं ते बखरींतून. भाऊसाहेबांची बखर वाचायला काय सुरेख, पण आकडे, तारखा, कोण कुठे होता, यात भरवसा नाही. १८९८मध्ये राजवाड्यांनी वाईहून 'साधनां'चा पहिला खंड काढला, १७५० ते १७६१ची पत्रं, लढाईच्या धामधुमीत लिहिलेली. रसदेची पत्रं, पैशाच्या मागण्या, जासूद पोचला नाही म्हणून तक्रारी. तिथून पानिपतची चर्चा बदलली. भाऊ गर्विष्ठ होता म्हणून हरला की पैसा आणि धान्य संपलं म्हणून, हा वाद पत्रं हातात आली म्हणून घालता आला. शेजवलकरांचं पानिपतवरचं काम १९४६मध्ये डेक्कन कॉलेजने छापलं, ते त्या पत्रांशिवाय अशक्य होतं.

आणि पेशव्यांचं सरकारी दप्तर का टिकलं? पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दप्तर ताब्यात घेतलं आणि जपलं, इनामांचे दावे निकाली काढायला का होईना. पुढे सरदेसायांनी त्यातून १९३०च्या दशकात ४५ भाग निवडून छापले. म्हणजे १७६१च्या लढाईचे मराठी कागद मी उद्या पुण्यात जाऊन बघू शकतो. १९६१च्या लढाईचे नाही.

आपले निवृत्त सेनाधिकारी आठवणी लिहितात, त्या आजच्या बखरी समजा. वाचाव्यात, आनंदाने वाचाव्यात. पण कर्ता स्वतःच नायक आहे हे विसरू नये.

---

निवृत्त_तोफची

मोडीवाले, बखरी म्हणालात ते लागलं, पण खोटं नाही. मात्र त्या बखरीसुद्धा आता सहज येत नाहीत. माजी लष्करप्रमुख जनरल नरवणे यांच्या पुस्तकाची घोषणा झाली, २०२३च्या डिसेंबरात वृत्तसंस्थेने त्यातले उतारे दिले, आणि मग ते मंत्रालयाच्या तपासणीत अडकलं. कागद कुलपात, आणि माणसाच्या आठवणीही कुलपात. मग उरतं काय, टीव्हीवरच्या चर्चा.

---

कोथरूडची_माधवी

+१. आणि त्या चर्चांनाच 'संदर्भ' म्हणून देणारे विद्यार्थी आमच्याकडे येतात.

---

डेलावेअरकर

अमेरिकेतून लिहितोय, या क्षेत्रातला नाही, नवरा-बायको दोघेही इंजिनियर. पण बायकोला १९७१चं वेड आहे म्हणून आमच्या घरी यावर चर्चा चालते.

इथलं परराष्ट्र खातं स्वतःचे कागद संपादून खंडांत छापतं. १९९१च्या कायद्याने बांधील आहेत, साधारण ३० वर्षांत आले पाहिजेत असं. उशीर होतोच. १९७१च्या दक्षिण आशिया संकटाचा खंड २००५मध्ये आला, निक्सन आणि किसिंजर आपल्याबद्दल काय बोलत होते ते त्यात शब्दशः. तिलारीताईंच्या कामासाठी १९६१-६३चा दक्षिण आशियाचा खंड आहे, तो १९९६पासून उपलब्ध आणि संपूर्ण मोफत. गोव्यावर सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबरला ठराव आला, सात बाजूने आणि चार विरोधात, त्यात सोव्हिएत नकाराधिकार. त्याआधी दिल्लीतले अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ नेहरूंना काय सांगत होते ते सगळं त्या काळच्या तारांत आहे.

एक निरीक्षण नोंदवतो. १९७१वरची इंग्रजीतली चांगली पुस्तकं पाहिली तर वॉशिंग्टनची बाजू खोलीतल्या खुर्च्यांसकट कळते आणि फोर्ट विल्यमची, म्हणजे पूर्व कमांडच्या मुख्यालयाची, बाजू मात्र अंधुक. बायको म्हणते, इतकी मोठी जिंकलेली लढाई आणि तिची गोष्ट आपल्याला किसिंजरच्या टेपवरून कळावी! पूर्व कमांडच्या १९७१च्या फाइली नष्ट झाल्याच्या बातम्या २०१०मध्ये आल्या होत्या, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

---

एक_शंका

वाचतोय. १९६१बद्दलचं पटतंय. पण २५ वर्षं हा आकडा मला कमी वाटतो. चीनच्या सीमेवर भूगोल बदलत नाही. तीच खिंड, तोच रस्ता. १९८६च्या हालचालींवरून आजही अंदाज बांधता येतो. यावर कुणी बोलेल का?

---

निवृत्त_तोफची

@एक_शंका, हा प्रश्न रास्त आहे आणि याला 'सगळं उघडा' हे उत्तर नाही. खिंडीतल्या मोर्चांची जागा, दारूगोळ्याचे साठे, कुठल्या बाजूने कुमक येते, हे झाकावं. ओळी काळ्या करून बाकीचं देता येतं. कारगिल समितीचा अहवाल तसाच आला: सुब्रह्मण्यम यांच्या समितीने लढाई संपल्या संपल्या काम सुरू केलं, फेब्रुवारी २०००मध्ये अहवाल संसदेपुढे, काही भाग वगळून, आणि मग चक्क पुस्तक म्हणून दुकानात. आभाळ कोसळलं नाही. उलट गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडली यावर लिहायला दोन पिढ्यांना साहित्य मिळालं.

अडचण अशी की ओळी काळ्या करायला फाइल वाचावी लागते, वाचायला जाणकार माणूस लागतो, आणि सही करणाऱ्याला भीती असते. 'नाही' म्हटलं तर कुणी विचारत नाही. 'हो' म्हटलं आणि उद्या काही निघालं तर पेन्शनवर येतं. मी असतो तरी 'नाही'च लिहिलं असतं.

---

तिलारी

सगळ्यांचे आभार. हे सगळं वाचून मी लेख फोडायचं ठरवतेय.

एक भाग सिद्धान्तवाल्यांसाठी, पण तो आत्ता नाही. मला त्यात रस कमी आहे हे खरं सांगते. दुसऱ्या भागात उत्तरेकडून गेलेल्या स्तंभाचे दोनच दिवस घेते, १८ आणि १९ डिसेंबर, दोडामार्ग ते बेती. खेरा यांचा अधिकृत वृत्तान्त एका हाताला, फोंडेकर म्हणतात ते पोर्तुगीज जबाब दुसऱ्या हाताला, आणि मधे रस्त्याकडेच्या लोकांनी सांगितलेलं. गावात मी म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्यात. एक आजी सांगतात, फौज येते आहे हे त्यांना रेडिओवरून नाही, गुरं उधळली त्यावरून कळलं, आणि उजाडायच्या आधी. अधिकृत वेळेशी हे जुळतं की नाही, एवढ्या एका प्रश्नावर चार पानं होतील.

@तळटीप, दोन शंका. मुलाखतींची टीप कशी द्यायची? आणि भारतातलं जर्नल चालेल का, की परदेशीच धरून बसू?

---

तळटीप

जर्नलचं आधी. भारतातलं का नको? दिल्लीच्या यूएसआयचं (युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचं) जर्नल १८७१पासून निघतंय. संस्था सिमल्यात सुरू झाली, तिचं लष्करी इतिहासाचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथे वाचणारे लोक फौजेतले, कुणीतरी पत्र लिहून 'मी त्या स्तंभात होतो' किंवा 'माझे वडील होते' असं कळवायची शक्यता तिथेच जास्त. संरक्षण अभ्यासाच्या मनोहर पर्रीकर संस्थेचं 'स्ट्रॅटेजिक ॲनालिसिस' परदेशी प्रकाशकामार्फत निघतं, पण त्यांचा ओढा धोरणाकडे आहे, १९६१चे दोन दिवस त्यांना जुने वाटतील. (पर्रीकरांच्या नावाच्या संस्थेने गोवा मुक्तीवरचा लेख नाकारला तर मात्र मला कळवा, हसायला बरं.) परदेशी इतिहासाचं जर्नल हवं असेल तर पोर्तुगीज जबाब हाती आल्यावरच पाठवा. दोन भाषांतली साधनं समोरासमोर ठेवली हेच तुमचं बळ, ते सारांशाच्या दुसऱ्या वाक्यात आलं पाहिजे.

पाठवण्याआधी त्या जर्नलचे मागचे चार अंक वाचा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नलांच्या सामाईक वर्गणीची सरकारी योजना जानेवारी २०२५पासून सुरू आहे, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार जर्नलं. पण ते सरकारी व्यवस्थापनातल्या संस्थांसाठी आहे. तुमच्या संस्थाचालकांच्या कॉलेजला लागू नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसा.

मुलाखतींचं: नाव छापायला लेखी संमती घ्या, मराठीतच, वाचून दाखवून, सही किंवा अंगठा. नको म्हणाले तर 'मुलाखत क्र. ४, अस्नोड्याजवळचं गाव, स्त्री, जन्म १९४०च्या दशकात' एवढं पुरे. तारीख आणि ठिकाण हवंच. रेकॉर्डिंग स्वतःच्या फोनवर ठेवू नका, एखाद्या ग्रंथालयात किंवा संशोधन संस्थेत प्रत जमा करा आणि टीपेत जमा केल्याचा क्रमांक द्या. परीक्षकाला ऐकायचं असेल तर ऐकता आलं पाहिजे. आणि आजी मालवणीत बोलल्या असतील तर मूळ शब्द तसेच ठेवा, खाली भाषांतर.

---

फोंडेकर

ताई, त्या स्तंभाच्या वाटेवरच्या चौक्यांचे जबाब माझ्या वहीत उतरवून आणलेत, पेटी क्रमांकांसकट. सगळे नाहीत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. भाषांतर मी करतो, पण माझ्यावर विसंबू नका, मूळ पोर्तुगीज शेजारी छापा.

---

निवृत्त_तोफची

त्या स्तंभात २ शीख लाइट इन्फन्ट्री होती हे लक्षात आहे ना? तुम्ही गावातल्यांना विचारलंत, आता पंजाबातल्यांना विचारा. त्या वेळचा वीस वर्षांचा जवान आज ऐंशीच्या पुढे. रेजिमेंटल सेंटर फतेहगडला आहे, पत्र थेट कमांडंटच्या नावाने लिहा, कॉलेजच्या लेटरहेडवर, आणि वॉर डायरी हा शब्द त्यात चुकूनही नको. माजी सैनिकांच्या मुलाखती एवढंच म्हणा. पत्राचा मसुदा मला पाठवा, बघून देतो.